चित्राची प्रत कोण ठरवतं?

आज टेलिव्हिजनच्या चित्राबद्दल बोलायचं आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण ‘चांगलं’ म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचं, हा आमचा जुनाच प्रश्न आहे. टीव्हीच्या इतिहासात तो अगदी आकड्यांसकट भेटतो.

सुरुवात जपानपासून करू. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या पिढीच्या टीव्हीवर संशोधन हाती घेतलं. पडदा किती रुंद हवा, प्रेक्षक किती जवळ बसला म्हणजे त्याला आपण तिथेच आहोत असं वाटेल, इथून त्यांनी विचार केला. त्यातून ११२५ ओळींचं चित्र आलं. तेव्हा अमेरिकेत आणि जपानमध्ये ५२५ ओळी होत्या, आपल्याकडे ६२५. एनएचकेने १९८१ साली ते चित्र अमेरिकेत नेऊन दाखवलं, आणि पाहणारे थक्क झाले.

अडचण जागेची होती. एवढं चित्र पाठवायचं तर लहरींचा मोठा पट्टा लागतो. जपानने ‘म्यूज’ नावाची पद्धत काढून ते उपग्रहाच्या एका चॅनेलमध्ये बसवलं. पण अमेरिकेत जमिनीवरच्या मनोऱ्यावरून जाणाऱ्या चॅनेलला फक्त ६ मेगाहर्ट्झ मिळतात. त्यात हे मावेना.

आता गंमत बघा. १९८७ साली अमेरिकन टीव्ही स्टेशनांनी एफसीसी या सरकारी नियामकाकडे धाव घेतली. त्यांना चांगल्या चित्राचा ध्यास लागला होता, एवढंच कारण नव्हतं. पोलीस, रुग्णवाहिका वगैरेंच्या बिनतारी यंत्रणेसाठी यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा मागितल्या जात होत्या. स्टेशनं म्हणाली, थांबा, उद्या एचडीसाठी त्या आम्हाला लागतील. मग रिचर्ड वायली यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली गेली. म्हणजे चित्राची प्रत आणि लहरींची मालकी हे दोन्ही धागे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले आहेत.

१९९० साली जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने संपूर्ण डिजिटल पद्धत मांडली, आणि जपानची इतक्या वर्षांची ॲनालॉग मेहनत एका फटक्यात जुनी झाली. १९९३ मध्ये स्पर्धकांनी एकत्र येऊन ‘ग्रँड अलायन्स’ केली. डिसेंबर १९९६ मध्ये एफसीसीने त्यावर आधारलेलं मानक स्वीकारलं.

इथे थोडं गणित करू. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला ३० वेळा. रंगाची माहिती आधीच कमी करून घेतली, तरी सेकंदाला सुमारे ७५ कोटी बिट होतात. आणि ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून जातात साधारण १ कोटी ९४ लाख. म्हणजे जवळजवळ चाळीस भागांतले एकोणचाळीस टाकून द्यायचे! हे जमतं, कारण चित्रात पुनरुक्ती खूप असते. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत काही हलत नाही. ती पुन्हा पुन्हा पाठवायची गरज काय? पण धबधबा, क्रिकेटच्या मैदानावरची गर्दी, उडणारे कागदाचे कपटे यांत प्रत्येक ठिपका बदलतो. तिथे बिट पुरत नाहीत आणि चित्राचे चौकोन चौकोन दिसू लागतात.

आता मुख्य मुद्दा. स्टेशनांना दुसरं चॅनेल फुकट मिळालं, जुनं परत करायच्या अटीवर. मोठ्या स्टेशनांचं जुनं ॲनालॉग प्रसारण अखेर १२ जून २००९ रोजी बंद झालं. पण १९९६ च्या कायद्याने स्टेशनांना एक मोकळीक दिली होती: या जागेत एचडीशिवाय इतर सेवाही चालवा. तेवढ्याच बिटांत एक उत्तम चित्र पाठवा, नाहीतर एक बरं एचडी चित्र आणि सोबत दोन-तीन साधी चॅनेलं. पुष्कळांनी दुसरा मार्ग धरला. सॅटेलाइट सेवांचंही तेच झालं. ट्रान्सपाँडर महाग, आणि जाहिरात चॅनेलांच्या संख्येवर. मग काही एचडी चॅनेलं १९२० ऐवजी १२८० ठिपके रुंद पाठवली गेली. आडव्या तपशिलाचा एक तृतीयांश गेला, नाव मात्र एचडीच राहिलं. पैसे देणाऱ्याला छपरावर फुकटात मिळणाऱ्या चित्रापेक्षा कमी मिळावं, अशी उलटी स्थिती कित्येक ठिकाणी आली.

ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडीसचं कोडं तुम्हाला आठवत असेल. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग तो ढीग राहत नाही, हे नेमकं कधी? बिटांचं तसंच आहे. एक-एक काढताना कुणालाच कळत नाही. ठिपक्यांची संख्या खोक्यावर छापलेली असते, बिटांची नसते. म्हणून हिशेब मागायचा कुणाकडे, हे प्रेक्षकाला उमगत नाही.

ॲनालॉगच्या काळात असं नव्हतं. पुण्यात एरियलचं तोंड सिंहगडाकडे करून एक जण गच्चीवर आणि दुसरा खाली “आलं, आलं... गेलं!” म्हणून ओरडतोय, हे तुमच्यापैकी अनेकांनी केलं असेल. जितका सिग्नल सुधारेल तितक्या मुंग्या कमी, तितकं चित्र स्वच्छ. डिजिटलमध्ये हा चढ नाही, कडा आहे. सिग्नल एका पातळीच्या वर असेल तर चित्र पूर्ण येतं, खाली गेला की तुटतं. म्हणून अँटेना उंच, घराबाहेर, मनोऱ्याकडे तोंड करून लावा. ॲम्प्लिफायर लागलाच तर अँटेनाजवळ बसवा. डिश नीट बसवा, म्हणजे पावसात चित्र तुटायचं प्रमाण घटेल. पण चित्र न तुटता येत असेल, तर आणखी मोठी डिश लावून ते अधिक रेखीव होणार नाही. घरी करण्यासारखं एक आहे: टीव्हीचा भडक मोड बंद करा आणि शार्पनेस खाली आणा. तो तपशील वाढवत नाही, नुसत्या कडा गडद करतो.

आपल्याकडे हवेतून फुकट एचडी घरोघर पोहोचलं नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या, पण बहुतेकांच्या घरी एचडी आलं ते डिशमधून किंवा केबलमधून, जादा पैसे मोजून. म्हणून हा प्रश्न आपल्याला जास्त लागू आहे. तुलना करायला छपरावरचं दुसरं चित्रच नाही.

प्रत ठरवण्याची सत्ता गच्चीवरून प्रक्षेपण करणाऱ्याच्या खोलीत गेली. याला कट म्हणू नका, हा हिशेब आहे. पण लहरी सर्वांच्या आहेत, त्यामुळे तो हिशेब उघड असावा, एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे. दूध घेताना आपण फॅट विचारतो. चॅनेल घेताना सेकंदाला बिट किती, हेही विचारावं. उत्तर लगेच मिळेल असं नाही, पण विचारणारे वाढले तर ते छापावं लागेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.