मोत्यांचं तोरण



आपली दिवाळी चातुर्मासात येते. आश्विन अमावास्येला वीरप्रभूंचं निर्वाणकल्याणक आणि चातुर्मास संपायला अजून पंधरवडा बाकी. ज्या घरात चार महिने लीलोतरीचा नियम पाळला जातो, तिथे दारावर मात्र आंब्याचे ताजे टाळे खुडून बांधायचे, हे कसं जमायचं? आमच्यासारख्या काठियावाडातून व्यापारासाठी दक्षिणेत उतरलेल्या घरांकडे याचं उत्तर पेटीतच होतं: भरतकामाचं किंवा मोत्यांचं तोरण. एकदा करायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या लावायचं.

तोरण हा शब्द मुळात दगडाचा आणि लाकडाचा, म्हणजे कमानीचा. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर 1888 ते 1891 या काळात खोदकाम झालं आणि आपला प्राचीन स्तूप उजेडात आला. तिथे सापडलेल्या एका आयागपटावर स्तूपाचं तोरणद्वार कोरलेलं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अर्हतांच्या पूजेसाठी तो बसवला शिवयशा नावाच्या बाईने. ती फल्गुयश नावाच्या नर्तकाची बायको. राणी नाही की शेठाणी नाही! वसू नावाच्या एका गणिकेच्या मुलीने दिलेल्या दुसऱ्या पटावरही तसंच तोरण आहे. पुढे 1031 मध्ये विमल शाहने अबूवर विमल वसही बांधली. देलवाड्याला गेलात तर रंगमंडपाच्या खांबांमधली संगमरवरी तोरणं मान वर करून नीट बघा. दगड लाटांसारखा वळवलाय.

कापडाच्या तोरणाची रचना साधी. वर आडवी पट्टी, खाली लोंबणारी पानं. ही आंब्या-अशोकाच्या पानांचीच आठवण. सौराष्ट्रात आणि कच्छमध्ये दाराच्या दोन बाजूंना साखिये, भिंतीवर चौकोनी चाकळे आणि छताला चंदरवो असा सगळा संच असे. मुलगी सासरी जाताना तो बरोबर नेई आणि सणाला घर त्यानेच सजे. सण झाला की परत पेटीत. आपल्या उपाश्रयात साधू-साध्वींच्या मागे लावतात ते जरीचे छोड आणि वरचा चंदरवो याच घराण्यातले. मोठ्या तपाच्या उजमण्यात ते वाहण्याची चाल आहे.

आता रेशमाचा प्रश्न. हीरभरत म्हणजे रेशमी धाग्याचं काम आणि रेशीम कसं निघतं ते आपल्याला माहीत आहे. मोतीकाम तसं नाही. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गुजराती पेढ्यांबरोबर युरोपातले, मुख्यतः व्हेनिसचे, काचेचे बारीक मणी सौराष्ट्रात आले आणि महाजन घरांतल्या बायकांनी ते सुती दोऱ्यात ओवायला घेतले. खाली कापड लागत नाही, मण्याला मणी गुंफत जाळीच तयार होते. पांढऱ्या जमिनीवर रंगीत हत्ती, मोर, पुतळ्या, आणि आपल्याकडे चौदा स्वप्नं नि अष्टमंगल. अहिंसेच्या विचाराने हे सुरू झालं असं कुणी सांगितलं की ऐकायला बरं वाटतं, पण मला यात व्यापारच जास्त दिसतो. माल घरात आला, हात रिकामे होते.

रिकामे तरी कसले! या कामाची दुसरी बाजू सांगायलाच हवी. एका तोरणात महिनोन्‌महिने जातात आणि संच पुरा झाल्याशिवाय लग्न नाही, अशी अट असेल तर ते ओझं होतं. कच्छच्या ढेबरिया रबारी समाजाने 1995 मध्ये हाताच्या भरतकामावर बंदीच घातली, कारण हुंड्यातल्या भरतकामापायी लग्नं लांबत होती. जुन्या वस्तूंचं कौतुक करताना आपण हे विसरतो.

मग ही तोरणं गेली कुठे? काही जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे. जरीची कामं जाळून चांदी काढली गेली. कित्येक भांडेवालीला स्टीलच्या डब्यांवर गेली. 1966 मध्ये नानावटी, वोरा आणि ढाकी यांचं कच्छ-सौराष्ट्राच्या भरतकामावर आणि मोतीकामावर पुस्तक निघालं. मधुसूदन ढाकी म्हणजे देवळांच्या स्थापत्याचे मोठे अभ्यासक. त्यांना दगडाच्या तोरणाइतकंच बायकांच्या हातचं तोरणही अभ्यासाच्या योग्यतेचं वाटलं, याचं मला फार बरं वाटतं.

तुमच्याकडे एखादं उरलं असेल तर घडी घालू नका. आभले तडकतात, दोरा घडीवर तुटतो. जुन्या सुती धोतरात सैल गुंडाळून ठेवा. पाण्यात बुडवू नका. दोरा कुजला की सगळे मणी मोकळे. तसे झाले तरी टाकू मात्र नका, कारण मणी कुजत नाहीत, फक्त दोरा बदलतो. बाजारातलं प्लॅस्टिकचं तोरण दोन दिवाळ्यांत फिकं पडतं आणि त्याची दुरुस्ती होत नाही. हे मोडलं तर पुन्हा ओवता येतं. आमच्याकडच्या तोरणातला मधला मोर असाच दोनदा ओवून झालाय. दुसऱ्या वेळी निळे मणी कमी पडले, तेव्हा सासूबाईंनी शेपटीत हिरवे घातले.