प्रेषण वाहिनीचा संरोध आणि स्मिथ आलेख : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अभियांत्रिकी शाखांच्या विद्युतचुंबकीय तरंगांच्या अभ्यासक्रमात स्मिथ आलेखाला हमखास स्थान असते. आलेखाची छापील प्रत उत्तरपत्रिकेला जोडावयाची, कंपास व पट्टीच्या साहाय्याने उत्तर काढावयाचे आणि गुण मिळवावयाचे, एवढाच त्याचा परिचय बहुसंख्य विद्यार्थ्यांना होतो. हा आलेख कोणत्या गरजेतून निर्माण झाला, तो एकट्या स्मिथ यांचाच आहे काय आणि गणकयंत्राच्या युगातही तो का टिकून राहिला, हे प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे. ज्या राशीला वर्गात आपण इम्पीडन्स म्हणतो, तिच्यासाठी येथे 'संरोध' हा शब्द वापरला आहे.

पूर्वपीठिका

तारेतून जाणाऱ्या विद्युत्-संदेशाचे समीकरण ऑलिव्हर हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मांडले. इम्पीडन्स ही संज्ञाही त्यांचीच, १८८६ सालची. या राशीला संमिश्र संख्येचे रूप देऊन ती अभियंत्यांच्या नित्य वापरात आणण्याचे श्रेय मुख्यतः आर्थर केनेली यांच्या १८९३ च्या निबंधास जाते. या केनेलींचा जन्म १८६१ साली मुंबईत, कुलाबा येथे झाला होता, याची नोंद आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. संमिश्र हायपरबोलिक फलनांच्या किमती आकडेमोडीशिवाय वाचता याव्यात म्हणून केनेली यांनी १९१४ मध्ये आलेखांचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. म्हणजेच वाहिनीचे गणित आकृतीवरून सोडविण्याची कल्पना स्मिथ यांच्यापूर्वीची आहे.

मात्र प्रश्नाचे स्वरूप लघुलहरींच्या आगमनाने बदलले. पन्नास हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात तरंगलांबी हजारो किलोमीटर असते. त्यामुळे काही मीटर लांबीच्या तारेचा विचार तिची लांबी दुर्लक्षून करता येतो. तरंगलांबी शंभर मीटरच्या खाली आली की प्रक्षेपकापासून अँटेनापर्यंतची तारच तरंगलांबीच्या मापात मोजावी लागते. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात बीम पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्राही केंद्र दौंड येथे होते. अशा प्रत्येक केंद्रात अँटेनाचा संरोध वाहिनीच्या संरोधाशी जुळविणे अपरिहार्य होते. तो जुळला नाही तर ऊर्जेचा काही भाग परत फिरतो आणि वाहिनीवर स्थिर तरंग निर्माण होतात.

स्मिथ यांचे कार्य

फिलिप हेगर स्मिथ यांचा जन्म १९०५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, लेक्सिंग्टन येथे झाला. हौशी रेडिओची आवड असलेल्या स्मिथ यांनी १९२८ मध्ये टफ्ट्स महाविद्यालयातून पदवी घेतली आणि ते बेल टेलिफोन प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांच्याकडे लघुलहरी अँटेनांचे काम आले. वाहिनीवर ठिकठिकाणी मापन करून स्थिर तरंगाची उच्च व नीच स्थाने शोधावयाची आणि त्यावरून अँटेनाचा संरोध काढावयाचा, असे ते काम होते. जे. ए. फ्लेमिंग यांच्या १९११ च्या ग्रंथातील समीकरण हाताशी होते. परंतु प्रत्येक मापनासाठी ते संमिश्र संख्यांनिशी सोडविणे अत्यंत कंटाळवाणे होते. आलेखाचा उगम या कंटाळ्यात आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

स्मिथ यांचा पहिला आलेख काटकोनी अक्षांवर होता. एका अक्षावर रोध, दुसऱ्यावर रिॲक्टन्स. त्याची अडचण उघड होती. या दोन्ही राशी अनंतापर्यंत वाढू शकतात आणि कागद मात्र संपतो. यातून मार्ग काढताना बेल प्रयोगशाळेतीलच फेरेल आणि मॅक्रे या अभियंत्यांच्या, कोन कायम राखणाऱ्या प्रतिचित्रणाच्या ज्ञानाचा त्यांना उपयोग झाला. संरोधाऐवजी परावर्तन गुणांकाचे प्रतल घेतले की धन रोधाचे संपूर्ण अर्धप्रतल एकक त्रिज्येच्या एका वर्तुळात सामावते. समान रोधाच्या रेषा एका बिंदूत परस्परांना स्पर्श करणारी वर्तुळे होतात आणि समान रिॲक्टन्सच्या रेषा वर्तुळांचे कंस. अनंतही त्या स्पर्शबिंदूच्या रूपाने कागदावर येते!

या रचनेचे खरे सामर्थ्य एका उदाहरणावरून ध्यानात येईल. वाहिनीचा अभिलाक्षणिक संरोध ५० ओहम आणि टोकाला १०० अधिक जे ५० ओहमचा भार आहे, असे समजू. भागाकाराने २ अधिक जे १ हा बिंदू मिळतो. केंद्रापासूनचे त्याचे अंतर सुमारे ०.४५ भरते आणि त्या त्रिज्येचे वर्तुळ आडव्या अक्षाला उजवीकडे जेथे छेदते तेथे स्थिर तरंग गुणोत्तर सुमारे २.६ असे वाचता येते. ऊर्जेचा व्यय नसलेल्या वाहिनीवरून प्रक्षेपकाच्या दिशेने सरकणे म्हणजे याच वर्तुळावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणे. अर्ध्या तरंगलांबीला एक फेरी पूर्ण होते. पाव तरंगलांबी सरकल्यास समोरच्या बिंदूवर ०.४ उणे जे ०.२, म्हणजेच २० उणे जे १० ओहम हे उत्तर मिळते. समीकरणात हायपरबोलिक किंवा त्रिकोणमितीय फलनांआड दडलेली क्रिया येथे निव्वळ भ्रमण होते. म्हणूनच या आलेखास केवळ आकडेमोडीचे साधन मानणे अपुरे ठरते.

तांत्रिक नियतकालिकांनी तो चटकन स्वीकारला नाही. अखेर 'इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या जानेवारी १९३९ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती त्याच मासिकात जानेवारी १९४४ मध्ये आली. मधल्या काळात युद्ध आले होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या रेडिएशन प्रयोगशाळेत रडारवर काम करणाऱ्यांनी हा आलेख उचलला आणि युद्धोत्तर ग्रंथांतून तो जगभर पोहोचला.

श्रेयाचा प्रश्न

परंतु प्रसिद्धीची तारीख हाच निकष मानला तर अग्रक्रम स्मिथ यांच्याकडे जात नाही. जपानमधील तोसाकु मिझुहाशी यांनी संरोध-रूपांतर व जुळवणीसंबंधीच्या निबंधात याच स्वरूपाचा आलेख डिसेंबर १९३७ मध्ये, जपानी भाषेत, प्रसिद्ध केला होता. सोव्हिएत संघातील अमिएल वोल्पर्ट यांनीही १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपणे तीच रचना केली. रशियन ग्रंथांत ती आजही वोल्पर्ट-स्मिथ आलेख म्हणून ओळखली जाते. आरसीए कंपनीच्या पी. एस. कार्टर यांचा आलेखही जानेवारी १९३९ मध्येच आला. त्यात संरोधाचे परिमाण व कला दर्शविली होती, म्हणून तो वेगळा म्हणावा लागेल. या समकालीनतेत चौर्याचा संशय घेण्याचे कारण दिसत नाही. लघुलहरींचा प्रश्न सर्वांपुढे एकच होता आणि वर्तुळाचे वर्तुळात रूपांतर करणारे गणित एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होते. तथापि एकाच आलेखाला एकच नाव चिकटले, याचे कारण गणितात नसून वितरणात आहे. इंग्रजी मासिक, युद्धकालीन प्रयोगशाळा आणि छापील कोऱ्या आलेखांची विक्री यांनी ते नाव रूढ केले. ही विक्री स्मिथ यांनी स्वतःच्या लहानशा कंपनीमार्फत दीर्घकाळ केली. प्रादेशिक भाषेत संशोधन लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना मिझुहाशींचे उदाहरण अस्वस्थ करणारे आहे.

गणकयंत्रानंतर

स्लाइडरूल नाहीशी झाली, लॉगॅरिथमच्या सारण्या कपाटात गेल्या. त्यांच्याबरोबर हा आलेखही जावयास हवा होता. घडले वेगळेच. १९६७ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा ८४१० हा नेटवर्क ॲनालायझर आला. त्याच्या ध्रुवीय पडद्यावर स्मिथ आलेखाची पारदर्शक चकती ठेवून मापन थेट वाचता येऊ लागले. स्मिथ यांचे १९८७ मध्ये निधन झाले, तोवर संगणकीय मापनयंत्रे प्रयोगशाळांत आली होती. आजच्या यंत्रांना गणितासाठी आलेखाची गरज नाही. सर्व आकडेमोड त्यांच्या अंतर्भागात होते. तरीही उत्तर पडद्यावर उमटते ते त्याच वर्तुळांच्या जाळ्यात. वारंवारता बदलत असताना वक्र केंद्राकडे वळतो की दूर जातो, हे अभियंता तेथे पाहतो आणि कपॅसिटर जोडावयाचा की इंडक्टर, हे आकडा वाचण्याआधीच ठरवितो.