डेन्मार्कचे वेगळे नाणे

‘नाणे ही सार्वभौमत्वाची खूण आहे,’ हे वाक्य मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. राजाची द्वाही जिथवर फिरते, तिथवर त्याचे नाणे चालते, हा जुना न्याय. परंतु युरोपातल्या एका चिमुकल्या देशाची हकीकत वाचली, की हा न्याय वाटतो तितका सरळ नाही, असे ध्यानात येते.

७ फेब्रुवारी १९९२ रोजी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावी बारा देशांनी एका करारावर सह्या केल्या. फ्रान्सचा फ्रँक, जर्मनीचा मार्क, इटलीचा लिरा ही सारी नाणी मोडून एकच सामाईक नाणे करावयाचे, हे त्या कराराचे मोठे कलम. करार अमलात यायचा तर बाराही देशांची मान्यता हवी. डेन्मार्कने २ जून रोजी जनतेचा कौल घेतला, आणि शेकडा ५०.७ मतदारांनी ‘नको’ म्हटले! पंगत मांडून तयार, आणि एक पाहुणा पाटावर बसायला राजी नाही, अशी सर्वांची अवस्था झाली. अखेर डिसेंबरात एडिंबरो येथे तोड निघाली. डेन्मार्कला चार बाबतींत वेगळे राहण्याची मुभा मिळाली. सामाईक नाणे ही त्यांपैकी एक. मग मे १९९३ मध्ये शेकडा ५६.७ मतांनी डेन लोकांनी करार स्वीकारला.

१९९९ साली युरो हिशेबाच्या वहीत आला. तो लोकांच्या हाती पडण्यापूर्वी, २८ सप्टेंबर २००० रोजी, डेन्मार्कच्या सरकारने जनतेला पुन्हा विचारले. सरकार अनुकूल, मोठे पक्ष अनुकूल, कारखानदार अनुकूल. तरी शेकडा ५३.२ मते विरुद्ध पडली. म्हातारपणच्या पेन्शनला धक्का लागेल की काय, ही धास्ती त्या प्रचारात फार गाजली. त्यांच्या नाण्याचे नाव क्रोन, म्हणजे मुकुट. तो उतरवायला ते तयार झाले नाहीत.

यात शेजाऱ्यांचा द्वेष होता असे मात्र कोणी समजू नये. १८७३ साली डेन्मार्क आणि स्वीडन यांनी सोन्याचे प्रमाण एक ठरवून नाण्यांचा संघ केला होता; १८७५ मध्ये नॉर्वेही त्यात आला. १९१४ च्या महायुद्धाने ती घडी विसकटली.

आता गंमत पाहा. डेन्मार्कने क्रोन राखला खरा, पण तो युरोच्याच दाव्याला बांधला. १०० युरोंना सुमारे ७४६ क्रोन, हा मध्य ठरलेला. त्याच्या वरखाली शेकडा सव्वादोनच्या पलीकडे हलायचे नाही. त्यामुळे फ्रँकफुर्टची बँक व्याजाचे दर ठरविते, आणि डेन्मार्कला बहुधा तिच्यामागून चालावे लागते. त्या बँकेच्या बैठकीत मात्र त्याला मत नाही. ऑक्टोबर २००८ च्या अरिष्टात तर फ्रँकफुर्टने दर उतरविला, आणि क्रोन सावरण्यासाठी डेन्मार्कला तो चढवावा लागला! उलट स्वीडनपाशी मुभेचा कागद मुळीच नाही. २००३ साली तिथल्या जनतेनेही युरो नाकारला. तो देश नाणे युरोशी बांधून घेण्याची पहिली पायरीच चढत नाही, आणि त्याचा क्रोना मोकळा तरंगतो.

मग डेन लोकांनी राखले तरी काय? मला वाटते, त्यांनी गाठ सोडण्याचा हक्क राखला. २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा नाण्याचे मोल उतरवून सावरावे, तर त्याचे स्वतःचे नाणेच उरले नव्हते. डेन्मार्कचा दोर त्याने स्वतःच्या हातांनी बांधला आहे. २०२२ साली कौल घेऊन संरक्षणाबाबतची मुभा त्या देशाने आपण होऊन सोडली. नाण्याची सोडली नाही. त्या हक्कापायी बैठकीतली खुर्ची गमवावी लागते, हे ठाऊक असूनही लोकांनी तो सौदा पत्करला. फळ्यावरचे वाक्य मी पुसणार नाही. पण मुलांना यापुढे विचारीन, की नाणे कोणाचे हे कळले, आता त्याचा दोर कोणाच्या हाती आहे ते सांगा.