त्रिगुण : घटकापासून शिक्क्यापर्यंत

‘सात्त्विक जेवण’, ‘तामसी स्वभाव’ हे शब्दप्रयोग मराठीत इतके रुळले आहेत, की त्यांच्यामागे एका दर्शनाची परिभाषा उभी आहे हे सहसा ध्यानात येत नाही. या परिभाषेचा प्रवास तपासण्याजोगा आहे. कारण त्यात केवळ अर्थांतर नाही, अन्यायही आहे.

संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीचा पेड किंवा धागा, असाही अर्थ आहे. सांख्यांना तोच अधिक जवळचा. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास ईश्वरकृष्णाने रचलेल्या सांख्यकारिकेत सत्त्व, रज आणि तम ही प्रकृतीची विशेषणे नसून तिचे घटक आहेत. सत्त्व हलके आणि प्रकाशक, रज चंचल आणि प्रेरक, तम जड आणि आवरण घालणारे. परस्परविरोधी असूनही ते दिव्यातील तेल, वात आणि ज्योतीसारखे एकत्र नांदतात. तमावाचून स्थैर्य नाही, रजावाचून हालचाल नाही. प्रमाण बदलते, एकही घटक नाहीसा होत नाही. साहजिकच कोणीही माणूस निव्वळ सात्त्विक किंवा निव्वळ तामस असू शकत नाही.

भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायातही सत्त्व बंधनकारकच मानले आहे. ते सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधते. तेथील आदर्श गुणातीताचा आहे. परंतु पुढे सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप, दान यांची त्रिविध वर्गवारी येते आणि अठराव्यात चारही वर्णांची कर्मे स्वभावजन्य गुणांनुसार विभागली जातात. मनुस्मृतीचा बारावा अध्याय तर शूद्राला थेट तामस गतीत बसवतो. घटकाचा येथे शिक्का होतो.

आहाराचे उदाहरण बोलके आहे. गीतेतील आहारविचारात कांदा-लसणाचे नावही नाही. शिळे आणि उष्टे अन्न मात्र तामसांना प्रिय म्हटले आहे. दुसरीकडे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सेवक शूद्राला उष्टे अन्न द्यावे असे सांगतो. दोन्ही वचने शेजारी ठेवली, की प्रश्न उभा राहतो : ज्याच्या वाट्याला उष्टेच आले, त्याच्या ताटावरून त्याचा स्वभाव कसा ठरवावा? वर्णव्यवस्थेला गुणसिद्धान्ताचा तात्त्विक आधार देण्याचे काम गीतेने केले, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका याच मर्मावर बोट ठेवते. त्यांचे हे लेखन मरणोत्तर, 1987 साली प्रसिद्ध झाले.

मराठी परंपरेत समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तिन्ही गुणांसाठी स्वतंत्र समास योजले. तेथे भर आचरणाच्या लक्षणांवर आहे. श्रोत्याने ती स्वतःत शोधावीत, अशी त्या मांडणीची धाटणी आहे. दुसऱ्यावर आरोप करण्यासाठी ती नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने आणखी एक भेद लक्षात घ्यावा. नाट्यशास्त्रातील स्तंभ, स्वेद, रोमांच आदी आठ सात्त्विक भावांत ‘सत्त्व’ म्हणजे मनाच्या एकाग्रतेतून उपजणारी अवस्था. भूमिका दुष्ट पात्राची असली तरी नटाने दाखविलेला कंप सात्त्विकच असतो. एखाद्या व्यक्तिरेखेला किंवा कवितेला आपण ‘सात्त्विक’ म्हणतो, तेव्हा यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत असतो? की हा शब्द केवळ आपल्या सामाजिक आवडीनिवडीला शास्त्राचे वजन देतो? वर्गात हा शब्द उच्चारण्यापूर्वी एवढे तरी विचारायला हवे.