तेरेझीनचा वाद्यवृंद

बोहेमियांतील तेरेझीन हें गांव मूळचें लष्करी ठाणें. सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८० मध्यें हा किल्ला बांधावयास घेतला आणि आपली आई मारिया थेरेसा हिचें नांव त्यास दिलें. त्याच तटांच्या आंत नाझींनीं नोव्हेंबर १९४१ मध्यें ज्यू लोकांना कोंडण्यास आरंभ केला. सुमारें १,४०,००० माणसें तेथें आणलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें ३३,००० तेथेंच उपासमारीनें व रोगराईनें मेलीं, आणि सुमारें ८८,००० पूर्वेकडे रवाना झालीं.

अशा जागीं ‘घेट्टो स्विंगर्स’ हा जाझ वाद्यवृंद उभा राहिला. वास्तविक नाझींना हें संगीत त्याज्य होतें. १९३८ मध्यें ड्यूसेलडॉर्फ येथें प्रदर्शन भरवून त्यांनीं त्याची विटंबना केली होती. मग तेरेझीनमध्यें त्यास मुभा कां? जगाची दिशाभूल करण्यास तें उपयोगी होतें म्हणून. २३ जून १९४४ रोजीं रेडक्रॉसचे प्रतिनिधि आले, तेव्हां घरें रंगविलेलीं होतीं. गर्दी दिसूं नये म्हणून मे महिन्यांतच सुमारें ७,५०० माणसें आउशवित्झला धाडलीं होतीं. हा देखावा साधला, तेव्हां ऑगस्ट-सप्टेंबरांत त्याचा बोलपट काढण्यांत आला. दिग्दर्शन बंदिवान नट कुर्ट गेरॉन याजकडे सोंपविलें. त्या पटासाठीं हा वाद्यवृंदही वाजविता झाला.

संगीतानें असत्यास बळ दिलें, हें नाकबूल करतां येत नाहीं. तथापि जाझची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. ठरलेल्या चौकटींत त्या क्षणीं सुचेल तें वाजवावें, ही ती रीत. आपल्या गवयांची बढत ज्यांनीं ऐकली आहे त्यांना तिचें मर्म सांगावयास नको. काय खावें, कोठें निजावें, उद्यां कोठें जावें, यांपैकीं कांहींच ज्यांच्या हातीं नव्हतें, त्यांच्या हातीं पुढचा स्वर तेवढा होता. देखावा नाझींचा होता. स्वर त्यांचे नव्हते.

चित्रणानंतर, २८ सप्टेंबरपासून, पुन्हां गाड्या सुटूं लागल्या आणि एका महिन्यांत १८,००० हून अधिक माणसें गेलीं. गेरॉन आउशवित्झला मारला गेला. वाद्यवृंदांतील फ्रिट्झ वाइसही तेथेंच संपला. पियानोवादक मार्टिन रोमन व तरुण कोको शूमान वांचले. शूमान पुन्हां बर्लिनमध्यें गिटार वाजवूं लागला. तो २०१८ मध्यें वारला. त्या बोलपटाचे आज कांहीं तुकडेच शिल्लक आहेत. जगाला फसविण्यासाठीं काढलेला तो पट आतां फसवणुकीचाच पुरावा ठरला आहे.