कापरेकरांचा ६१७४ : स्थानिक किंमत आणि बैजिक राशी एकत्र कशा चालतात?

समोर उभ्या असलेल्या एमएच ४३ स्कूटरच्या नंबरमधले शेवटचे चार अंक घ्या. समजा ३५२४. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा : ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. चारही अंक सारखे नसतील तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे पोचते.

हे १९४९ साली शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते.

यात जादू नाही, स्थानिक किंमत आहे. ५४३२ मधला ५ म्हणजे ५०००, ४ म्हणजे ४००. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी अशी दिसते :

(१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ)

कंस सोडवताना वजा चिन्ह आतल्या प्रत्येक पदाला लागतं. परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक इथेच. आता सरूप पदं, म्हणजे एकाच अक्षराची पदं, एकत्र करा :

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

म्हणजे चार अंक काय आहेत याने फरक पडत नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. ३५२४ साठी ते ३ आणि १ : २९९७ + ९० = ३०८७. असे फरक फक्त ५४ प्रकारे पडू शकतात. त्यामुळे प्रोग्राम लिहून हजारो संख्या तपासायची गरजच नाही, ५४ तपासल्या की झालं. ६१७४ चे फरक ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४. म्हणून तो स्वतःवरच परत येतो.

एक खाच आहे. २१११ − १११२ = ९९९. हे ०९९९ असंच धरायचं आणि पुढे ९९९० − ०९९९ करायचं. तो शून्य गाळला तर ९९९ − ९९९, उत्तर थेट शून्य. कोडमध्ये संख्या साठवताना पुढचा शून्य आपोआप उडतो, त्यामुळे प्रोग्राम करणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवा.

दोन अंकांवर हीच पद्धत वापरली की १०अ + ब − (१०ब + अ) = ९(अ − ब). याचा रोजचा उपयोग आहे. ट्रिपचा हिशेब ६३ रुपयांनी चुकतोय? ६३ ला ९ ने भाग जातो, म्हणजे कोणीतरी १८ ऐवजी ८१ टाइप केलं असण्याची शक्यता आहे. अर्थात नुसता ६३ चा खर्च लिहायचा राहिला तरी फरक ६३च येतो, त्यामुळे आधी उलटसुलट अंक शोधा, मग ग्रुपवर भांडा.