गर्भलिंगनिदान व वैद्यकीय नीती

गर्भातील मुलाचे लिंग जन्मापूर्वी ओळखणे म्हणजे गर्भलिंगनिदान. गर्भजल परीक्षा मुळात जनुकीय दोष शोधण्यासाठी आली. मात्र मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी तिचा सर्रास वापर होऊ लागला. पुढे सोनोग्राफीने हे काम स्वस्त व सोपे केले.

कायदा : मुंबईतील स्त्री-चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये संमत होऊन 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. अंमलबजावणी ढिली असल्याने ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

अंमलबजावणी : महानगरपालिका क्षेत्रात वैद्यकीय आरोग्य अधिकारी हा समुचित प्राधिकारी, म्हणजे कायदा राबवणारा अधिकारी, असतो. उदाहरणार्थ, कल्याण–कसारा रेल्वेमार्गावरील टिटवाळा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने तेथील सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी व तपासणी तिच्याकडे येते. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीसाठी ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. त्यात लिंग जाणून घ्यायचे नाही असे ती लिहून देते. लिंग पाहिले वा सांगितले नाही, असे डॉक्टर लिहून देतो. शब्दाने, खुणेने वा अन्य प्रकारे लिंग सांगणे गुन्हा आहे. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी वाटणाऱ्या समाजात मिठाईचे नुसते नावही पुरते. पहिल्या गुन्ह्यास डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असे कायदा गृहीत धरतो.

नीतिप्रश्न : या गुन्ह्यात सांगणारा व विचारणारा दोघेही राजीखुशीने सामील असतात, तक्रार करायला कोणी उरत नाही. म्हणून कागद हाच साक्षीदार. फॉर्ममधील किरकोळ चुकांसाठी फौजदारी कारवाई नको, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये फेटाळली. दुसरा पेच गर्भपाताचा : 1971 च्या कायद्याने तो ठरावीक अटींवर वैध आहे. लिंगनिदान रोखण्याच्या नावाखाली गरजू स्त्रीला सुरक्षित गर्भपात नाकारला जाणे हाही अन्यायच.

परिणाम : महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 व 2011 मध्ये 894 होत्या, बीड जिल्ह्यात 2011 मध्ये 807. देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्यातच हे प्रमाण सलग दोन जनगणनांत घसरले.